उकिरड्याचें दैव

बारा वर्षांनीं उकिरड्याचीहि दैना फिटते, असें आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत. म्हणणाऱ्याच्या मनांत अर्थात् उकिरडा नसतो. दिवस फिरलेला एखादा माणूस असतो. परंतु ही म्हण अक्षरशः खरी करून दाखविणारे लोक पृथ्वीच्या पाठीवर आहेत, आणि त्यांनीं तर उकिरड्याच्याहि खालची पायरी गांठली आहे. अमेरिकेंत व इंग्लंडांत कित्येक सुखवस्तु गृहस्थ सुटीच्या दिवशीं फावडीं, बादल्या आणि लांब लोखंडी सळया घेऊन शंभर-दीडशें वर्षांपूर्वींच्या शौचकूपांचे खड्डे उपसतात, आणि त्यांतून निघालेल्या रिकाम्या बाटल्या धुऊन पुसून दिवाणखान्यांत मांडून ठेवतात. ऐकणाऱ्याला प्रथम किळस येते, मग हसूं येतें, आणि त्यानंतर एक प्रश्न पडतो. आपल्याकडे हें कोणी कां करीत नाहीं? त्याचें उत्तर किळस हें नव्हे. तें शोधूं लागलें म्हणजे आपल्या घरांच्या मागच्या अंगाचा बराच इतिहास, जो पुढच्या दारानें कधीं आंत येत नाहीं, तो समोर येऊं लागतो.

प्रथम त्या खड्ड्याची रीत पाहूं. नळाचें पाणी व भुयारी गटारें येण्यापूर्वीं तिकडील शहरांतून घराच्या परसांत, बहुधा अगदीं मागच्या हद्दीला लागून, एक खोल खड्डा असे. तो विटांनीं, दगडांनीं किंवा लाकडी फळ्यांनीं बांधून काढीत आणि त्यावर लहानशी खोली उभारीत. खड्डा भरत आला कीं गाडी घेऊन मजूर येत व रात्रीच्या अंधारांत तो उपसून नेत. पण उपसणारा अगदीं तळाला क्वचितच हात लावी. खालीं एखादा थर उरेच. मोलकरणीच्या हातून फुटलेली बशी, कोणी चोरून प्यालेल्या दारूची बाटली, नको त्या दुखण्यावरच्या औषधाची शिशी, जें जें कोणाच्या दृष्टीस पडूं नये असें वाटे, तें तें त्या वाटेनें खालीं जाई. पुढें नळ आले, गटारें आलीं, खड्डा निकामी झाला. मग घरांतला सगळा मोडका पसारा त्यांत लोटून वर माती ओढीत. अशा रीतीनें एका कुटुंबाचीं पन्नास-साठ वर्षें एका लहानशा आडाएवढ्या जागेंत थरावर थर देऊन निजलेलीं असतात.

ही जागा सांपडते कशी, हेंहि कौतुकाचें आहे. अमेरिकेंत १८६७ सालीं निघालेल्या सॅनबॉर्न कंपनीनें आगीच्या विम्यासाठीं शहरोशहरचे नकाशे तयार केले. कोणतें घर लाकडाचें, कोणतें विटांचें, इतकेंच नव्हे तर परसांतलीं खोपटीं कोठें, हेंहि त्यांत दाखविलेलें असे. विमा उतरविणाऱ्यानें आगीच्या भयानें काढलेला नकाशा असा शतकानंतर बाटल्या शोधणाऱ्याच्या उपयोगीं पडतो. घरमालकाची परवानगी काढून तो परसांत सळई खुपसून पाहतो. मूळच्या जमिनींत सळई अडते. भरावाच्या मातींत ती एकदम खालीं जाते, आणि वर काढली कीं तिच्या टोंकाला राख किंवा चुना लागून येतो. मग खणणें सुरू होतें. पुरुष-दोन पुरुष खोल खड्डा, बाजूला आधार नाहीं आणि भोंवतालची माती भुसभुशीत. ती ढांसळून खणणारा गाडला जाण्याचें भय ह्या छंदांत नेहमींच असतें. इतक्या सायासानें जें वर येतें तें कोणाच्या तरी नजरेआड करण्यासाठींच खालीं टाकलेलें होतें, ही गंमत निराळीच.

बाटली हातीं आली कीं तिचें वय ठरविण्याच्या खुणा आहेत. बुडाशीं खडबडीत व्रण असला तर बाटली फुंकून केल्यावर तिचा ओंठ घडविण्यासाठीं बुडाला लोखंडी दांडी चिकटविली होती असें समजावें. असा व्रण बहुतेक १८६० च्या आसपासपर्यंतच्या मालावर दिसतो. सांच्याच्या सांध्याची रेघ मानेपाशीं थांबली असेल तर ओंठ हातानें केलेला. ती थेट ओंठावरून गेली असेल तर बाटली यंत्राची. मायकेल ओवेन्स ह्या अमेरिकन कारागिराचें आपोआप बाटल्या घडविणारें यंत्र १९०३ च्या सुमारास चालू झालें, आणि फुंकणीवर पोट भरणाऱ्यांची विद्या थोड्याच वर्षांत मागें पडली. कांचेचा हिरवट रंग मारण्यासाठीं तींत मँगनीज घालीत. तसली कांच वर्षानुवर्षें उन्हांत पडून राहिली कीं जांभळी होते. ओल्या मातींत पुरलेल्या कांचेवर मोरपिसाच्या डोळ्यासारखे रंग चढतात. हें वास्तविक कांचेचें कुजणें होय, परंतु गिऱ्हाईक त्यालाच सौंदर्य समजून जास्त किंमत देतें.

शास्त्रज्ञ ह्याच खड्ड्यांकडे निराळ्या दृष्टीनें पाहतात. न्यू यॉर्क शहरांतील फाइव्ह पॉइंट्स ही एकोणिसाव्या शतकांतील गरीब स्थलांतरितांची, मुख्यतः आयरिश लोकांची वस्ती. त्या काळच्या वर्तमानपत्रांनीं आणि प्रवाशांनीं ती दारू, मारामाऱ्या व व्यभिचार यांची खाण म्हणून रंगविली होती, आणि पुढच्या लेखकांनीं तेंच चित्र गिरविलें. १९९१ सालीं तेथें न्यायालयाच्या नव्या इमारतीची जागा खोदतांना जुन्या घरांमागचे शौचकूप व हौद उघडे पडले. त्यांतून सुमारें साडेआठ लाख वस्तू निघाल्या. दारूच्या बाटल्या होत्याच. पण त्यांच्या जोडीला चहाचीं नक्षीदार भांडीं, शिवणकामाचें साहित्य आणि मुलांच्या गोट्याहि होत्या. बदनाम वस्तींत सुईदोऱ्यावर पोट भरणारीं, पाहुण्याला चांगल्या कपांतून चहा देणारीं कुटुंबें राहत होतीं, ही साक्ष कोणत्याहि वर्तमानपत्रानें दिली नव्हती. ती खड्ड्यानें दिली. ह्या संग्रहाचें नशीब मात्र विलक्षण. तो जागतिक व्यापार केंद्राच्या एका इमारतीच्या तळघरांत ठेवला होता, आणि ११ सप्टेंबर २००१ रोजीं त्या इमारतीबरोबर नष्ट झाला. प्रदर्शनासाठीं दुसरीकडे दिलेल्या अठरा वस्तू तेवढ्या उरल्या.

आतां असाच एखादा छंदिष्ट सळई घेऊन भंडारा जिल्ह्यांत, मोहाडी तालुक्यांतील आंधळगांवीं उतरला अशी कल्पना करूं. गांव विणकरांचें, कोशाच्या रेशमाच्या कापडासाठीं नांवाजलेलें. घरामागच्या हद्दीला धरून त्यानें दिवसभर सळई खुपसली तरी त्याच्या पुस्तकांतला खड्डा त्याला लागणार नाहीं. तो आंधळगांवींच काय, महाराष्ट्राच्या बहुतेक जुन्या गांवांत लागणार नाहीं. कारण आपल्या भाषेंतच लिहून ठेवलेलें आहे. ह्या क्रियेला जुने लोक 'बहिर्दिशेस जाणें' म्हणत, 'परसाकडे जाणें' म्हणत. दिशा बाहेरची, जागा नदीकांठची, ओढ्याची, शेताच्या बांधाची. खड्डा नाहीं, भिंत नाहीं, म्हणून थरहि नाहीं. पावसाळ्यानें वर्षाचें वर्षाला सगळें पुसून टाकावें, अशी ही व्यवस्था. ती उघड्यावरची असल्यामुळें रोगराईची जननी होती, आणि बायकांना पहांटेच्या किंवा रात्रीच्या अंधाराची वाट पाहावयास लावणारी होती, हें खरेंच. येथें प्रश्न फक्त जमिनींत काय उरलें एवढाच आहे.

बरें, शहरांत तरी खड्डे असतील? शहरांतील वाड्यांच्या मागच्या अंगाला शेतखाना असे. शब्द फारसी आहे, पण मराठी कानाला त्यांत शेत ऐकूं येतें, आणि तेंहि अगदींच चुकीचें नाहीं. कारण तेथील ऐवज अखेर शेतांतच जाई. ह्या शेतखान्याखालीं खोल खड्डा क्वचितच. बहुतेक ठिकाणीं टोपली किंवा डबा असे, आणि मागच्या बोळांत उघडणारें एक झडपेचें दार. मुंबईंत दोन इमारतींमधला असा बोळ म्हणजे घरगल्ली. रोज सकाळीं माणूस येई, दार उघडी, टोपली रिकामी करी व भरलेली डोक्यावर घेऊन जाई. दररोज रिकाम्या होणाऱ्या टोपलींत साठ वर्षांचे थर कसे सांठावे? तिकडे खड्ड्यानें जें राखलें, तें इकडे माणसाच्या डोक्यावरून रोजच्या रोज गांवाबाहेर गेलें.

आणि बाटली? ती टोपलींत पडलीच नाहीं. कांच आपल्याकडे फेंकण्याइतकी स्वस्त कधींच नव्हती. परदेशांतून आलेल्या दारूची, सोड्याची किंवा औषधाची बाटली रिकामी झाली म्हणजे तिचा दुसरा जन्म सुरू होई. तींत राॅकेल येई, गोडें तेल येई, गुलाबपाणी राही, मध राही. झांकणाला भोंक पाडून वात ओवली कीं तिची चिमणी होई व तिच्या उजेडांत मुलें धडे घोकीत. दवाखान्यांत जातांना रोगी आपली बाटली घरूनच नेई; कंपाउंडर तींत लाल किंवा पांढरें मिश्रण भरी आणि कागदाची कातरलेली पट्टी बाहेरून चिकटवून मात्रांच्या खुणा करी. तीच बाटली खोकल्यापासून हिंवतापापर्यंत घरांतल्या सर्वांचीं दुखणीं पाही. शेवटीं ती नको झालीच तर 'डबा-बाटली' असा पुकारा करीत फिरणारा दारावर येई आणि दोन पैसे हातावर ठेवून ती घेऊन जाई. जुन्या कपड्यांवर भांडीं देणारी बोहारीण, रद्दी घेणारा आणि हा बाटल्यांचा खरेदीदार, ह्या त्रिकुटानें आपल्या उकिरड्यांची उपासमार केली असें म्हटलें तरी चालेल. हा व्यापार इतका मोठा कीं पारशी समाजांत बाटलीवाला, बाटलीबॉय, सोडावॉटरवाला हीं आडनांवेंच होऊन बसलीं.

ह्याचें उत्तम उदाहरण गोटीच्या सोड्याची बाटली. हायरम कॉड ह्या इंग्रजानें १८७० नंतरच्या एक-दोन वर्षांत ह्या बाटलीचें पेटंट घेतलें. मानेंत कांचेची गोटी, ओंठाच्या आंत रबराची कडी. बाटली उलटी धरून भरावयाची, म्हणजे वायूच्या दाबानें गोटी कडीला घट्ट बसते आणि बुचाचें काम करते. इंग्लंडांत ही बाटली कालबाह्य होऊन खड्ड्यांत गेली. तेथें ती अखंड सांपडली तर भाग्य, कारण गोट्यांच्या लोभानें पोरांनीं बहुतेकींच्या माना मोडलेल्या असतात. आपल्याकडे ती खड्ड्यांत गेलीच नाहीं. दुकानदारानें ती गिऱ्हाइकाच्या हातून परत घ्यावी, कारखान्यानें धुऊन पुन्हां भरावी, अशी तिची येरझार चालत राहिली, आणि अजूनहि उन्हाळ्यांत गोटीसोड्याच्या गाड्यावर ती फुस्स करून उघडते. तिकडे जिला पुराणवस्तु म्हणून कपाटांत जागा मिळते, ती इकडे अद्याप नोकरींतून निवृत्त झालेली नाहीं.

फुटलेली कांचहि वायां जात नसे. कांच करतांना भट्टींत जुन्या कांचेचा चुरा घातला कीं मिश्रण कमी आंचेवर वितळतें, म्हणून कारखान्यांना फुटक्या कांचेची भूक नेहमींच असते. महाराष्ट्रांत असे कारखाने स्वदेशीच्या लाटेंतून उभे राहिले. अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघर एकेक पैसा मागून जो पैसाफंड जमविला, त्यांतून लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्यानें तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं कांचेचा कारखाना निघाला. १९१६ सालीं ओगले बंधूंनीं आपला कारखाना सुरू केला. कऱ्हाडजवळच्या त्या जागेला पुढें ओगलेवाडी हें नांव पडलें आणि तेथला 'प्रभाकर' कंदील घरोघर पोंचला. दुसऱ्या देशाची बाटली फुटून आपल्या देशाच्या कंदिलाची कांच व्हावी, हें त्या काळांत सहज घडण्यासारखें होतें.

म्हणजे महाराष्ट्राच्या जमिनींत टाकाऊ वस्तूंचे थर नाहींतच कीं काय? आहेत, पण ते घरामागें नाहींत, घराखालीं आहेत. आपल्या जुन्या कागदपत्रांत गांवाच्या जमिनीचे दोन भाग येतात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. पांढरी पांढरी कां? चुलींची राख, शेणमातीचे पोपडे, कोसळलेल्या भिंती, चुना, गुरांचें शेण, हाडें आणि फुटकीं खापरें हीं शतकानुशतकें एकाच जागीं जिरून तिचा रंग पालटलेला असतो. घर पडलें तर माती उपसून नेण्याऐवजीं ती सपाट करून तिच्यावरच नवें घर बांधावयाचें, ही आपली चाल. म्हणून गांवच टेकाड होऊन वर येतें. ओसाड पडलेल्या अशा पांढरीची माती शेतकरी उन्हाळ्यांत गाड्या भरभरून शेतांत टाकण्यासाठीं किंवा धाब्यावर पसरण्यासाठीं नेतात, आणि पहिल्या पावसानंतर त्या शेतांत मणी, नाणीं, खापराचे तुकडे चमकूं लागतात. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आपल्या गांवांतील अशाच वस्तू आयुष्यभर जमविल्या. त्यांचा संग्रह आज तेथें त्यांच्या नांवाच्या शासकीय संग्रहालयांत आहे.

पांढरीच्या पोटांत खड्डे मात्र सांपडतात, आणि तेहि सांडपाण्याचे. नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीनें डॉ. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं उत्खनन केलें. सातवाहनकाळच्या थरांत त्यांना शोषखड्डे आढळले. भाजलेल्या मातीचीं रुंद कडीं एकावर एक रचून असे खड्डे करीत, म्हणजे सांडपाणी जमिनींत मुरे आणि बाजू ढांसळत नसत. तक्षशिलेस सर जॉन मार्शल यांना अशाच कामासाठीं बुडाला भोंकें पाडलेले रांजण एकावर एक ठेवलेले दिसले. फिलाडेल्फियाच्या किंवा लंडनच्या परसांत विटांचा खड्डा बांधला जाण्यापूर्वीं दीड-दोन हजार वर्षें प्रवरेच्या कांठच्या गृहस्थाला ही युक्ति ठाऊक होती. पुढच्या काळांत ती मागें पडली आणि तिच्या जागीं टोपली आली.

नेवाशाच्या आणि तेरच्या मातींत त्या काळची 'बाटली'हि सांपडली आहे. ती कांचेची नव्हे, मातीची. भूमध्यसमुद्राकडून मद्य व ऑलिव्हचें तेल ज्या दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या उंच कुंभांतून येई, त्या अँफोरांचे तुकडे महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं मिळाले. पूर्वीं असले सगळेच तुकडे रोमन समजत. अलीकडच्या तपासणींत पश्चिम किनाऱ्याकडील पुष्कळसे तुकडे इराक-इराणच्या बाजूनें आलेल्या, आंतून डांबर फांसलेल्या कुंभांचे ठरले. त्या कुंभांना अभ्यासक 'टॉर्पेडो' म्हणतात. आणि योगायोग असा, कीं एकोणिसाव्या शतकांतील गोल बुडाच्या सोड्याच्या बाटलीलाहि तिकडचे छंदिष्ट तेंच नांव देतात. एका खापराचा मुलूख बदलला म्हणजे एका व्यापाराचा मार्गच बदलतो. असा निर्णय करतां येतो, कारण तो तुकडा कोणत्या थरांत, कोणत्या नाण्याशेजारीं होता याची नोंद खणणाऱ्यानें केलेली असते.

अशी नोंद नसली म्हणजे काय होतें, याचें महाराष्ट्रांतील उदाहरण दायमाबादचें आहे. आतां अहिल्यानगर नांव असलेल्या जिल्ह्यांत, प्रवरेच्याच कांठीं, १९७४ सालीं एका शेतकऱ्याला झुडपाचीं मुळें खणून काढतांना चार धातूच्या मूर्ति सांपडल्या. बैलांचा रथ व तो हांकणारा पुरुष, म्हैस, गेंडा आणि हत्ती. सगळ्यांचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक. इतकी मोठी आणि इतकी सुंदर धातुमूर्तींची ठेव त्या प्राचीन काळची म्हणून भारतांत क्वचितच मिळाली असेल. परंतु त्या कोणत्या थरांत होत्या हें सांगणारें कांहींच उरलें नव्हतें. पुढें तेथें पुरातत्त्व विभागानें पद्धतशीर खोदकाम केलें; तेव्हां कोणी त्या मूर्ति उत्तर हडप्पा काळांत बसविल्या, तर कोणी धातूंतील सोमलाचें प्रमाण पाहून त्या हडप्पाच्या नव्हेतच असें म्हटलें. वाद मिटलेला नाहीं. शेतकऱ्याचा ह्यांत कांहींच दोष नाहीं. तो मुळें काढीत होता. पण जो माणूस बाटलीसाठींच खड्डा उपसतो, थर फावड्यानें एकत्र करतो, खापरें, बिया व हाडें बाजूला फेंकून बाटली तेवढी उचलतो, त्याची गोष्ट वेगळी. फाइव्ह पॉइंट्सच्या बायकांची साक्ष ज्या सुयांनीं आणि बटणांनीं दिली, तीं त्याच्या चाळणींतून निसटून जातात. आपल्या देशांत १८७८ च्या कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांवरील किमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते, आणि १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तूंच्या व्यापारावर व परदेशीं नेण्यावर निर्बंध घातले आहेत. कायदा ठेवा राखतो. थराची राखण त्याच्या हातीं थोडीच असते.

परंतु ह्या सर्वांत मोठी उणीव निराळीच आहे. खड्डा, मग तो न्यू यॉर्कचा असो वा नेवाशाचा, टाकणाऱ्याविषयीं बोलतो. उचलणाऱ्याविषयीं तो कांहींच सांगत नाहीं. आपल्याकडे तर खड्डाच नव्हता. होता तो उचलणारा. घरांतल्या माणसांना त्याचें नांव बहुधा ठाऊक नसे. तो मागच्या बोळानें येई व मागच्या बोळानें जाई, आणि वाटेंत कोणी भेटलें तर त्यानेंच अंग चोरावें असा दंडक होता. तो जें नेई त्याला मराठींत सोनखत म्हणतात. नगरपालिका तें खत करून शेतकऱ्यांना विकीत, आणि पुस्तकांत त्याचें उत्पन्न जमेला धरीत. नांवांतलें सोनें शेताच्या आणि दप्तराच्या वांट्याला गेलें. डोक्यावरची टोपली ज्याची त्याच्याकडे राहिली. त्याच्यामागें त्याचा मुलगा आणि त्याची सून तीच घरें धरीत.

जमिनींत त्याची खूण नाहीं. कागदांत आहे, पण तीहि हिशेबाच्या रूपानें. मुंबईच्या १८८८ च्या महानगरपालिका कायद्यांत पाणीपट्टीच्या जोडीला 'हलालखोर पट्टी' असा स्वतंत्र कर होता. एवढ्या मोठ्या शहरानें ज्यांच्यावर आपलें आरोग्य सोंपविलें, त्यांचा उल्लेख कायद्यांत झाला तो घरमालकाच्या बिलावरील एका रकमेच्या मथळ्याला. माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहण्यास आणखी बराच काळ जावा लागला. अप्पासाहेब पटवर्धन हे उच्चविद्याविभूषित ब्राह्मण गृहस्थ १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत राजबंदी असतां त्यांनीं सफाईचें काम आपणांस द्यावें अशी मागणी केली. वरच्या जातीच्या कैद्याला तें काम देतां येत नाहीं असा नियम दाखविण्यांत आला, तेव्हां त्यांनीं अन्न कमी केलें. येरवड्यांत गांधीजींनींहि त्यांच्या बाजूनें उपोषण आरंभिलें. हक्कासाठीं माणसें तुरुंगांत उपाशी राहिल्याचीं उदाहरणें पुष्कळ; संडास झाडण्याच्या हक्कासाठीं उपाशी राहण्याचें हें उदाहरण विरळा. पुढें कणकवलीजवळ गोपुरी येथें त्यांनीं आश्रम काढून, मैला कोणाच्या डोक्यावर न जातां जागच्या जागीं त्याचें खत होईल अशा संडासांचे प्रयोग केले.

१९४९ सालीं मुंबई सरकारनें सफाईकामगारांची राहणी तपासण्यासाठीं बर्वे समिति नेमली. तिचा अहवाल १९५२ सालीं आला. नंतर १९५७ सालीं केंद्रांत मलकानी समिति नेमली गेली व तिनें १९६० सालीं आपलें म्हणणें मांडलें. ढकलगाड्या द्याव्या, टोपल्या बंद कराव्या, संडासांची रचना बदलावी, असा ह्या कागदांचा सूर आहे. पण टोपली सुटण्यास कायदा लागला. तो १९९३ सालीं झाला, आणि पुरेसा पडला नाहीं म्हणून २०१३ सालीं दुसरा करावा लागला. हे अहवाल म्हणजेच ह्या माणसांचा पांढरीचा थर. एखाद्या जुन्या बाटलीवर तिच्या कारखानदाराचें नांव उठून दिसतें. ह्या शेंकडों पानांत टोपली वाहणाऱ्याचें नांव शोधावें लागतें.

२०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानांत खेड्यापाड्यांतून जे संडास बांधले गेले, त्यांत दोन शोषखड्ड्यांच्या प्रकाराची शिफारस आहे. दोन उथळ खड्डे, त्यांच्या भिंतींच्या विटांत भोंकें सोडलेलीं, मध्यें एक वळण देणारी कुंडी. एक खड्डा चार-पांच वर्षांनीं भरला कीं कुंडींतली वाट दुसऱ्याकडे वळवावयाची आणि पहिला झांकून ठेवावयाचा. पाणी जमिनींत मुरतें, आणि वर्ष-दीड वर्षानें खड्डा उघडला तर आंत दुर्गंधि नसलेली, चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी माती मिळते. ती घरच्या माणसानें स्वतः फावड्यानें काढून शेतांत टाकावी, अशी योजना आहे. जेथें दोनाऐवजीं एकच बंदिस्त टांकी बांधली, तेथें ती भरली म्हणजे उपसण्यासाठीं आजहि कोणाला तरी बोलवावें लागतें.